कोठीपोट

बसमध्ये शेजारी बसलेली बाई उठली तेव्हा तिला आधी काहीच वाटलं नाही. "माझा स्टॉप आला," असं ती बाई हसून म्हणाली होती, मांडीवरची पिशवी सावरून, हिच्या गुडघ्यांना वळसा घालून वाटेत उभीही राहिली होती. मग स्टॉप आला आणि गेला, बाई काही उतरली नाही. दोन बाकं सोडून पुढे एका मोकळ्या जागेवर ती बसली आणि बसल्याबसल्या तिनं खिडकीची काच सरकवली. झालं ते एवढंच. नाक मुरडलं नाही की पदर तोंडाला लावला नाही. कुणी तोंडावर बोललं असतं तर एकाला दोन ऐकवता आली असती. या सभ्य खोटेपणाला काय म्हणणार? तिनं मान किंचित वळवून स्वतःच्याच खांद्याचा वास घेतला. काही आला नाही. गेली तीन वर्षं तो तिला येतच नव्हता, आणि आपल्याला येत नाही म्हणजे तो उरलाच नाही, अशी तिची आपली भाबडी समजूत होती. तिला एकदम आठवलं की मागच्या महिन्यात वाचनालयातल्या माणसानंही टेबलावरचा पंखा असाच, सहज फिरवावा तसा, तिच्या दिशेनं फिरवला होता, आणि उकडतंय म्हणून बिचाऱ्यानं आपली सोय केली असं वाटून तिनं त्याचे आभार मानले होते.

वास गाईच्या पोटाचा होता. बसचा हा रस्ता जिथे संपतो तिथे शेती आणि जमिनीचा वापर शिकवणारं विद्यापीठ होतं, आणि तिथल्या पशुआहार विभागाच्या गोठ्यात एक तांबडी गाय होती. तिच्या डाव्या कुशीला बशीएवढं भोक पाडून त्यात रबराचं कडं बसवलेलं होतं आणि कड्याला जाड बूच. बूच काढलं की आत थेट कोठीपोट; गाय खाते ते सगळं आधी जिथे जाऊन साठतं, आंबतं, फुगतं ते. पोरं गाईला 'खिडकी' म्हणायची. रोज सकाळी खांद्यापर्यंतचा हातमोजा चढवायचा, त्या भोकातून हात आत घालायचा, साखळीला बांधलेल्या नायलॉनच्या चिमुकल्या पिशव्या आत सोडायच्या आणि आधीच्या बाहेर काढायच्या. पिशव्यांमध्ये वाळवून दळलेलं गवत. पोटात राहून त्यातलं किती विरघळलं, किती तसंच उरलं, ते धुऊन, वाळवून, तोलून बघायचं. काय शिकतेस म्हणून कुणी विचारलं तर सांगण्यासारखं एवढंच होतं. काल दुपारी खिडकी मेली. आणि आज ती आपल्या मार्गदर्शक सरांना सांगायला निघाली होती की मी हे सोडते आहे.

पहिल्यांदा हात घातला तो दिवस तिला अजून जसाच्या तसा आठवत होता. डोळे मिटून घेतले होते तिनं. बूच काढताच आतली हवा फुस्स करून तोंडावर आली, आंबट, गवताची आणि आणखी कशाची तरी, आणि गोठ्यातले मामा, जे इतक्या वर्षांत त्या भोकाकडे एकदाही सरळ बघू शकले नव्हते, पाठ फिरवून मोठमोठ्यानं खाकरायला लागले. आत ऊब होती. तापानं फणफणलेल्या माणसाच्या कुशीत हात जावा तशी. वर तरंगणारा चाऱ्याचा जाड थर, तो बाजूला सारला की खाली पातळ, कोमट; आणि मग कुठूनशी पोटाची भिंत आली आणि तिनं हात आवळला. दुखेल असा नव्हे. धरून, जरा थांबून, सोडला. गाय रवंथ करत समोर बघत होती, जणू हे सगळं दुसऱ्याच कुणाचं चाललं आहे. त्या दिवशी बाहेर येऊन ती नळाखाली हात धूत राहिली आणि तिला रडू येत होतं, पण किळसेनं नाही. इतक्या आतून कुणी आपला हात धरला नव्हता, असं काहीतरी वेड्यासारखं तिच्या मनात आलं होतं, आणि ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

तशी ती इथे आवडीनं आली नव्हती. व्हायचं होतं डॉक्टर, गुण पडले थोडे कमी, मिळालं हे. घरात शेतीचं पान कुणी हलवलेलं नव्हतं. बाबा दातांच्या कवळ्या बनवायचे. रस्त्यावरच्या खोलीत त्यांचं कामाचं टेबल, त्यावर प्लास्टरचे जबडे ओळीनं मांडलेले, आणि लहानपणी ती त्या जबड्यांना नावं देऊन त्यांची भांडणं लावायची. "दात आहेत तिथे चणे नाहीत, चणे आहेत तिथे दात नाहीत," हे बाबा प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवत आणि प्रत्येक वेळी आपणच आधी हसत. तिला प्रवेश मिळाला तेव्हा म्हणाले, "वा! मी लोकांना चावायला देतो, तू जनावरांना पचवायला दे. घरचाच धंदा झाला." आई हसली नव्हती. आईनं पुढे हळूहळू, न बोलता, तिची बादली वेगळी केली, साबण वेगळा केला, तिचे कपडे वाळत घालायची दोरी मागच्या बाजूला नेली. उशीचा अभ्रा दोन दिवसांआड बदलायला लागली. एकदा शेजारची मुलगी घरी आली तेव्हा आईनं आत येऊन हळूच सांगितलं होतं, "तू जरा गच्चीवर बस ना, वारं छान सुटलंय." आणि ती वारं खात बसली होती, खुळी. बाबांना मात्र कशाचाच वास येत नसे. कवळ्यांच्या त्या उग्र द्रावणानं त्यांचं नाक केव्हाच मेलं होतं, त्यामुळे घरात तिच्या शेजारी अगदी खेटून बसणारे ते एकटेच. आज सकाळीही बसले होते. "सांगून टाक आज," म्हणाले. "आता पाय धरायचे नाहीत कुणाचे, पाय काढायचा तिथून. माझ्याकडे बस. दात घासायला शिकवतो." आणि आपणच हसले. तीही हसली. हसताना तिच्या लक्षात आलं की बाबांचा हात कापतोय, बराच, आणि हे कापणं आजचं नाही.

बस आता शहराबाहेर पडली होती. डावीकडे तो उतार दिसायला लागला. लांबच लांब, गुडघ्यापेक्षा उंच, गर्द हिरवा, वारा आला की अंगावर काटा यावा तसा सळसळत जाणारा. बसमध्ये कुणी नवखं असलं तर हटकून म्हणायचं, अगं बघ, किती छान! तो सरांचा उतार. सर या विद्यापीठात तरुणपणी आले तेव्हा तिथे नुसता मुरूम होता, उन्हाळ्यात त्याची धूळ शहरातल्या खिडक्यांवर बसायची. सरांनी कुठकुठून बियाणं आणलं, बहुतेक सगळं जळून गेलं, हे एकच गवत तगलं. त्याला ना पाणी लागे ना खत. नुसतं तगलं नाही, पसरलं. त्यावर पुस्तिका निघाली, उताराच्या कडेला पाटी लागली, पाहुणे आले की त्यांना आधी तिथे नेत. सरांना सगळे 'गवतवाले' म्हणत, आणि ते त्यांच्या कानावर गेलं तरी त्यांना आवडत असे. तिला पहिल्या वर्षी सरांनी तोच विषय दिला. या गवताचं जनावराच्या पोटात काय होतं, एवढंच बघायचं. सोपं काम.

पहिल्या खेपेला तिला वाटलं आपलंच चुकलं. साध्या चाऱ्याच्या पिशव्या पोटातून रिकाम्यासारख्या बाहेर येत, तळाशी चिमूटभर उरलेलं. आणि सरांच्या गवताच्या पिशव्या घातल्या तशाच्या तशा फुगीर. धुतल्या, वाळवल्या, काट्यावर ठेवल्या. जेवढं गेलं होतं जवळजवळ तेवढंच बाहेर. जणू ते गवत गाईच्या पोटात नुसतं सहलीला जाऊन आलं होतं. तिनं सरांना सांगितलं तेव्हा सर चष्मा पुसत होते. पुसतच राहिले. मग म्हणाले, "पुन्हा करा." तिनं पुन्हा केलं. वेगळ्या महिन्यात कापलेलं, बारीक दळून, जाडसर दळून. तेच. "पुन्हा करा." आवाज चढलेला नाही, रागही नाही, दार लावायला सांगावं तसं. आणि ती, जिनं आयुष्यात आईचं एक काम उलट उत्तर दिल्याशिवाय केलं नव्हतं, ती मुकाट्यानं पुन्हा करत गेली. का, हे तिला तेव्हा विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. पदवी त्यांच्या सहीवर अडलेली होती, हे तर होतंच. पण सकाळी त्या कोमट अंधारात हात गेला की भिंत यायची, धरायची, सोडायची, आणि दिवसातली तेवढी एक गोष्ट तरी ठरल्याप्रमाणे होते आहे असं वाटायचं.

नकाशेवाल्यानं तिला तेव्हाच सांगितलं होतं. तो जमीन-वापराच्या विभागात होता, कुठली जमीन कशाला योग्य याचे रंगीत नकाशे करायचा. पिकाची पिवळी, झाडांची तपकिरी, कुरणाची हिरवी. सरांचा उतार त्याच्या नकाशात सगळ्यात गडद हिरवा होता. "उत्तम कुरण," तो वाचून दाखवायचा आणि डोळा मारायचा. कॅन्टीनच्या मागच्या कट्ट्यावर ते दोघं बसत. त्याला वास येत असणारच, आज तिला पहिल्यांदाच हे कळलं. तो नेहमी वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसायचा, आणि ती समजायची की मला सावली मिळावी म्हणून. "गवत गाईला पचत नाही आणि सर तुला पचवतायत," तो म्हणाला होता. "सोड. माझ्याबरोबर चल. तिकडे नोकऱ्या आहेत." ती म्हणाली, एवढी एक खेप होऊ दे. तो गेला. दोन-तीनदा फोन आले, मग सणासुदीला यावेत तसे, मग लग्नाचा आला. लग्नाला ये म्हणाला, मनापासून म्हणाला. त्या दिवशी तिनं ओव्हनमधून पिशव्या काढल्या, काट्यावर ठेवल्या, आकडे लिहिले, आणि आकडे अगदी बरोबर आले. हात थोडा जरी चुकला असता तर तिला बरं वाटलं असतं.

शेवटची खेप या वर्षीची. सर म्हणाले, पिशव्यांनी कळत नाही, पिशवी म्हणजे पिशवीच. गाईला सबंध तेच गवत घालून बघू. खिडकीला ते आवडलं. हेच तर वाईट होतं. पुढ्यात टाकलं की ती अधाशासारखी खायची, पाटी चाटायची, मामांना ढुशी देऊन आणखी मागायची. मामा खूश. "बघा ताई, कशी हाणतेय!" पोट टम्म दिसायचं. आणि त्या टम्म पोटाच्या वर, हळूहळू, बरगड्या वर यायला लागल्या. पाठीचा कणा दिसायला लागला. डोळे खोल गेले. तिनं सरांना सांगितलं, थांबवू या. सर म्हणाले, "पोटाला सवय व्हायला वेळ लागतो. थोडं थांबा." ती थांबली. रोज हात घालायची तेव्हा आत जागा उरलेली नसे. थर इतका दाटून बसलेला की बोटं शिरेनात. भिंत येईनाशी झाली. आली तरी धरायची नाही, नुसती टेकायची. काल सकाळी ती कितीतरी वेळ तशीच, गाल गाईच्या कुशीला लावून, हात आत ठेवून उभी राहिली, आणि काही आलं नाही. दुपारी गाय पाय दुमडून बसली ती उठलीच नाही. जनावरांच्या डॉक्टरांनी पोट उघडलं तेव्हा ती तिथेच होती. "उपाशी मेलीय," डॉक्टर म्हणाले, आणि सुरीच्या टोकानं दाखवलं, "आणि पोट बघा. गच्च."

बस थांबली. सगळे उतरले. ती पुढची बाईही उतरली, तिच्याकडे न बघता. ही तिच्यामागून चालत राहिली, मग मुद्दाम थांबली, तिला पुढे जाऊ दिलं. विभागाच्या जिन्यावर तिनं वाक्य पुन्हा एकदा म्हणून पाहिलं. सर, मी सोडते आहे. चार शब्द, फार तर पाच. सर खोलीत खिडकीपाशी उभे होते. निवृत्तीनंतर मिळालेली मुदतवाढही संपत आली होती, आणि त्या खोलीतल्या कपाटांवर दुसऱ्या कुणाच्या नावाच्या चिठ्ठ्या आतापासूनच चिकटल्या होत्या.

"सर, मी सोडते आहे."

"हो," सर म्हणाले. "बसा."

ती बसली नाही. "मला पदवी नको. मी लिहूनही देते. काल ती... आपल्याला माहीत होतं सर, पचत नाही ते. पहिल्या वर्षीच कळलं होतं."

"त्याच्याही आधी," सर म्हणाले.

तिला नीट ऐकू आलं नाही असं वाटलं.

"तुमच्या आधी दोघं होते. एक मुलगा, एक मुलगी. दोघांनीही हेच सांगितलं. गेले. मी अडवलं नाही, तुम्हालाही अडवत नाही."

"मग मला कशाला दिलंत?"

सरांनी चष्मा काढला. चष्म्याविना त्यांचे डोळे फार लहान दिसत होते, आणि ओले होते की म्हातारपणानं तसे झाले होते ते कळत नव्हतं. "मला वाटलं, हात बदलला तर," ते म्हणाले. मग म्हणाले, "वरच्या गावांत मी स्वतः गेलो होतो, माहीत आहे? पुस्तिका घेऊन. त्यांची माळरानं होती, काटेरी, खुरटी. जनावरं चरायची तिथे, लुकडी असायची पण जगायची. मी म्हटलं, काढा हे सगळं, माझं गवत लावा. विद्यापीठाचा माणूस सांगतोय म्हटल्यावर त्यांनी लावलं. दोन वर्षांत सगळं हिरवं झालं. मला खांद्यावर घ्यायचे तेवढे बाकी राहिले. तिसऱ्या वर्षी गेलो तेव्हा..." त्यांनी हातानं पोटाचा आकार दाखवला, फुगीर, आणि हात तसाच हवेत राहिला. "बाया मला विचारत होत्या, साहेब, पोट भरून खातात हो, मग मरतात कशानं?"

"त्यांनी उपटून नाही टाकलं?"

"उपटलं. जाळलं. ते पुन्हा येतं. ते तगतं ना." सर थोडे हसल्यासारखे झाले. "आता तिथे दुसरं काही उगवत नाही."

"माती तरी धरून ठेवत असेल, सर," ती म्हणाली. आपण हे का म्हणतो आहोत, या माणसाला आपण धीर का देतो आहोत, तिला कळेना.

"माती धरायला दगडही चालतात," सर म्हणाले.

राग यायला हवा होता. ती त्याची वाट बघत उभी राहिली. खाली पोरांचा एक घोळका हसत चालला होता, नवीन वर्षाची पोरं असणार, कुणीतरी कुणाची टोपी पळवली होती. तीन वर्षं, नकाशेवाला, बाबांचा कापणारा हात, कालची गाय, हे सगळं तिनं एकेक करून राग येण्यासाठी आठवून पाहिलं, आणि एकेक करून ते नुसतंच येऊन बाजूला उभं राहिलं. बाबांच्या टेबलाशी बसलेल्या स्वतःलाही तिनं बघितलं. समोर प्लास्टरचा जबडा, हातात कानस. तेही चाललं असतं. काहीही चाललं असतं, हे तिला त्या क्षणी इतकं स्वच्छ दिसलं की ती घाबरली. आणि त्या घाबरलेपणात, कुणी न बोलावता, तिच्या डोक्यात एक विचार आला. आपण कापलं ते गवत दर वेळी फुलावर आलेलं होतं. तुऱ्याच्या आधी, पहिली पाती निघतात तेव्हा, ती मऊ असतात. ती चुन्याच्या पाण्यात भिजवली तर. तिनं तो विचार ढकलला. तो गेला नाही. त्याच्यामागे दुसरा आला, किती दिवस भिजवायची, मग तिसरा. तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला.

"कोवळं असताना कापलं तर, सर?"

सरांनी मान वर केली. त्यांचा चेहरा उजळला. असं आपल्याकडे बघून कुणी उजळलेलं तिला आठवत नव्हतं, आणि हा उजेड खोटा आहे हे तिच्याइतकं दुसऱ्या कुणाला माहीत असणं शक्य नव्हतं.

"चुन्याच्या पाण्यात घालून," ती म्हणाली.

"करून बघू," सर म्हणाले. त्यांनी लगेच चष्मा चढवला, लगेच फोन उचलला. "गाय लागेल. नवीन. मी डॉक्टरांना सांगतो. तुम्ही जा, तुम्हीच बघा, काम तुम्हाला करायचं आहे."

मी सोडते आहे, हे वाक्य कुठेतरी होतं अजून. जिना उतरताना तिनं ते एकदा तोंडात घोळवूनही पाहिलं. बाबांना फोन करावा म्हणून तिनं पर्स उघडली आणि बंद केली.

गोठ्याच्या मागच्या वाड्यात कालवडी बांधलेल्या नव्हत्या, मोकळ्या होत्या; पाच-सहा असतील, एकमेकींच्या पाठीवर माना टाकून उन्हात उभ्या. डॉक्टर फाटकाला टेकून चहा पीत होते. कालचंच जॅकेट, बाहीवर डाग तसाच. "परत तुम्हीच का?" ते म्हणाले. "मला वाटलं सुटलात. बरं. सगळ्या सारख्याच आहेत, धडधाकट. भूल देतो आम्ही, दुखत नाही फार. पंधरवड्यात जखम भरते. सांगा, कुठली घेऊ?"

तिला वाटलं होतं, डॉक्टरच निवडतील. ती फाटकाच्या दांड्यावर हात ठेवून उभी राहिली. कालवडींनी कान टवकारले. त्यांना तिचा वास आला असणार; त्यांच्यातलाच, आतला, ओळखीचा. बाकीच्या जागच्या जागी राहिल्या. एक, कपाळावर पांढरा ठिपका असलेली, घोळक्यातून बाहेर पडली, धूळ उडवत दुडक्या चालीनं फाटकापर्यंत आली, आणि मान लांबवून तिनं तिच्या मनगटावर जीभ फिरवली. खरखरीत, ऊबदार. मग पुन्हा. मग बाही तोंडात धरून ती चोखायला लागली, वासरानं चोखावं तशी, डोळे अर्धे मिटून.

"कुठली?" डॉक्टरांनी चहाचा कप फाटकाच्या खांबावर ठेवत विचारलं.

तिनं बाही सोडवून घेतली नाही. दुसऱ्या हातानं दाखवलं.

"ही," ती म्हणाली.